कालवीण

शार्दूल, तू विचारलंस टीम कशी बांधतात.
तुझ्यासारखे सगळे जबड्यापासून सुरू करतात.
सहा जागा, सहा जबडे,
आणि तिसऱ्या पाळीला हात रिकामे.

मी कालवीणपासून सुरू करते.
दोन शिंपा, मधे थोडं ओलं मांस,
वेग गोगलगायीला लाजवणारा.
हल्ला म्हणशील तर पाण्याची एक पिचकारी,
समोरच्याचं तोंड धुऊन निघतं, बस.
मोती नाही तिच्यात. इथे मुहर्रकमध्ये
सगळे आधी तेच विचारतात.

ती काय करते? बसते.
समोरचा मारतो, ती मिटते,
दर पाळीला सोळावा हिस्सा जीव भरून घेते,
पासबुकातल्या व्याजासारखा,
कोणाच्या लक्षातही येत नाही.
मग समोरच्याला कंटाळा येतो.
कंटाळा हेही विषच, फक्त पडद्यावर दिसत नाही.

आता टीम.
भिंत कुठली ते ठरलं की दारं कुठे ठेवायची ते सुचतं.
पहिला प्रश्न, ही कशाने मरते?
विजेने. एका कडकडाटात शिंपा सताड.
म्हणून शेजारी घोरपड, मातीची.
वीज तिच्या अंगावर येते
आणि आमटीत मीठ विरावं तशी विरते.
दुसरा प्रश्न, हिला काय जमत नाही?
संपवायला जमत नाही.
म्हणून एक तिरंदाज, काचेच्या हाडांचा,
एकाच फटक्याचा धनी.
त्याला शेवटी आणायचा, जेवणानंतर विडा आणतात तसा.
विष उतरवायला निवळी.
उरलेले दोघं तुझ्या आवडीचे घे.
दोघं तरी आवडीचे असावेत.

मला हे कोणी शिकवलं नाही.
रक्तपेढीतली रात्रपाळी, दोन ते चारमध्ये
कोणालाच रक्त लागायचं नाही,
आर्नेल फोन पुढे करायचा, मी हरायचे.
फ्रीजची घरघर. धावपट्टीवर उतरणारं विमान
खिडकीच्या काचा हलवून जायचं.

मग ऑगस्टात स्पर्धा,
खुबूसच्या भट्टीवरच्या माडीवर.
एसी एकच, तोही जासिमच्या डोक्यावर.
जासिम बारा वर्षांचा, दातांना नवी तार,
दर पाळीआधी थोबच्या बाह्या सावरायचा.
अंतिम फेरीत मधेच अजान झाली.
घड्याळ थांबवलं, मुलं खाली गेली,
वर मी आणि पडद्यावर कालवीण, दोघीच.
तिचा जीव तिसरा हिस्सा उरलेला.
तेव्हाच काढायला हवी होती.
घोरपड ताजी होती, निवळी ताजी होती.
पण अठरा पाळ्या झेलल्या होत्या तिने,
मला वाटलं, अजून एक झेलेल,
झेलतेच ती.

मुलं वर आली. घड्याळ सुरू झालं.
जासिमने ओळखलं होतं,
तिला नव्हे, मला.
वीज पडली.

नंतर त्यानेच करक चहाचा कागदी कप आणून दिला,
म्हणाला, "आंटी, वो थक गया था, तुम देखा नहीं."

तर तिसरा प्रश्न, जो मी वगळला होता.
हिची जागा कोण घेणार, आणि कधी.
हा वहीत सगळ्यात वर लिही.

घरी फोन केला की विचारतात, बरी आहेस ना,
आणि उत्तराच्या आधी सांगू लागतात
छपराचा पत्रा, अण्णांचा मोतीबिंदू, तुझी फी.
मी म्हणते, हो हो, बघते.
फोन ठेवते. मिटते.

येत्या शुक्रवारी परत डाव आहे.
रजा टाकलीय,
अकरा वर्षांत पहिल्यांदा, ताप नसताना.
तू एक कर, घोरपड वाढवायला घे.
फार सावकाश वाढते ती.
आजच सुरू कर.